परीक्षागृहांतील धीर

मराठी घरांतून 'रँग्लर' हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नांवाला असा कांहीं चिकटून बसला आहे, कीं तो मूळचा एका परीक्षेंतील श्रेणीचा वाचक आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांतच येत नाहीं. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत जे पहिल्या वर्गांत येत, त्यांना रँग्लर म्हणत. त्यांतला सर्वांत वरचा तो सीनिअर रँग्लर. १८९९ सालीं दापोलीजवळच्या मुर्डी गांवच्या परांजप्यांनीं हा मान बर्टविसल नांवाच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीनें मिळविला. त्या यशाची कथा घरोघर सांगितली गेली. पण ती परीक्षा विद्यार्थ्यांच्या मनाला कशी पिळून काढी, ही कथा तितकी परिचित नाहीं. आणि उच्च शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेला निघालेल्या मुलाला 'घाबरूं नकोस' एवढाच उपदेश करून मोकळ्या होणाऱ्या वडीलमंडळींनीं ती ऐकण्यासारखी आहे.

ट्रायपॉस ही नांवाला पदवीपरीक्षा होती. वस्तुतः पुढल्या साऱ्या दारांची किल्ली तीच. वरचा क्रमांक आला तर कॉलेजची फेलोशिप मिळण्याची आशा, आणि फेलोशिप म्हणजे कित्येक वर्षांच्या योगक्षेमाची निश्चिंती. १८५४ सालीं ही परीक्षा आठ दिवस चालली. सोळा प्रश्नपत्रिका, साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न! जागा सिनेट हाउसचें भव्य दालन, आणि महिना जानेवारीचा. बोटें गारठून लेखणी धरवूं नये अशी थंडी. १८६० नंतरच्या दशकांतील एका परीक्षेचे आंकडे उपलब्ध आहेत. एकंदर गुण १७,०००. त्यांपैकीं पहिल्या आलेल्याला ७,६३४, दुसऱ्याला ४,१२३, आणि सन्मानाच्या यादींत शेवटीं टेकलेल्याला अवघे २३७. म्हणजे जो सर्वांत पहिला, त्यालाही निम्मे गुण मिळाले नव्हते. पण हे आंकडे विद्यापीठ प्रसिद्ध करीत नसे. त्यामुळें प्रश्न मागें टाकून उठणाऱ्या प्रत्येक मुलाला आपणच तेवढे बुडालों असें वाटलें, तर त्यांत त्याचा काय दोष?

पुढें विद्युत्‌चुंबकीय सिद्धान्तानें अमर झालेला जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८५४ च्या परीक्षेला बसला होता. आदल्या वर्षींच्या उन्हाळ्यांत सफोक परगण्यांत एका पाद्र्याच्या घरीं पाहुणा गेला असतां तो आजारी पडला, आणि कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राहिला. अतिश्रमानें मेंदूला ज्वर चढला, असें त्या काळीं म्हणत. परीक्षा जवळ आली तेव्हां त्याच्या वडिलांनीं त्याला पत्रानें कळविलें तें एवढेंच, कीं मनगटांना लोकरीचे पट्टे घे आणि पायांवर घ्यायला घोंगडी बरोबर ने. उपदेशाचीं पानें भरण्यापेक्षां ही घोंगडी किती तरी शहाणपणाची! पहिल्या प्रश्नपत्रिकेला आंत शिरतांना मॅक्सवेलचें मन जवळजवळ कोरें झालें होतें. थोड्या वेळानें तेंच मन विलक्षण स्वच्छ झालें, आणि बाहेर पडल्यावर त्याला भोंवळ आल्यासारखें झालें, असें त्यानेंच पुढें सांगितलें. त्याचा क्रमांक दुसरा लागला.

पहिला आला तो एडवर्ड राउथ. हा राउथ पुढें खाजगी शिकवणीचा असा आचार्य झाला, कीं त्याच्या हाताखालून पंचविसांहून अधिक सीनिअर रँग्लर बाहेर पडले. तो धीराचीं व्याख्यानें देत नसे. दर आठवड्याला शिष्यांपुढें प्रश्नपत्रिका टाकी, वेळ मोजून ती सोडवून घेई, आणि कोणाला किती गुण पडले तें सर्वांना दिसेल असें मांडी. ज्यानें हा प्रकार तीन वर्षें सोसला, त्याला सिनेट हाउसमध्यें अपरिचित असें राही तें त्या इमारतीचें छत!

तरीही तयारी असून धीर सुटतो. ट्रिनिटी हॉल कॉलेजचा हेन्री फॉसेट १८५६ सालीं परीक्षेला बसला. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा, वादसभेंत कोणाला हार न जाणारा हा तरुण. घरची संपत्ति बेताची, पार्लमेंटांत जाण्याची आकांक्षा मोठी, आणि तिकडे नेणारी वाट फेलोशिपवरून जाणारी. परीक्षेच्या दिवसांत त्याची झोप उडाली. अंग थकलें तर डोळा लागेल, या आशेनें तो रात्रीं बिछान्यांतून उठून कॉलेजच्या चौकांत धांवत फेऱ्या घाली. पण झोप आली नाहीं. शेवटच्या, म्हणजे कठिण पत्रिकांत त्याचा हात चालला नाहीं, आणि क्रमांक सातवा आला. त्याचा स्नेही व चरित्रकार लेस्ली स्टीफन म्हणतो, कीं फॉसेटचा धीर आयुष्यांत सुटला तो एवढा एकदांच.

हें विधान पोकळ नाहीं. १८५८ च्या सप्टेंबरांत शिकारीच्या वेळीं वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे लागून फॉसेटचे दोन्ही डोळे गेले. वय पंचवीस. आपल्या आयुष्याचा बेत यत्किंचितही बदलावयाचा नाहीं, असा निश्चय त्यानें दहा मिनिटांत केला म्हणतात. तो केंब्रिजमध्यें अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, पार्लमेंटांत गेला, पोस्टमास्टर जनरल झाला. आणि हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब त्या सभेंत इतक्या चिकाटीनें मागूं लागला, कीं लोक त्याला हिंदुस्थानचा प्रतिनिधि म्हणत. अंधत्वापुढें जो डगमगला नाहीं, तो गणिताच्या कागदापुढें डगमगला होता. तेव्हां परीक्षेंत घाबरणारा मुलगा स्वभावतःच भित्रा असतो, हा समज सोडून देणें बरें.

फॉसेट १८८४ मध्यें वारला. त्याची एकुलती एक मुलगी फिलिप्पा तेव्हां सोळा वर्षांची होती. तीन वर्षांनीं ती केंब्रिजच्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजांत दाखल झाली, आणि वडिलांच्याच परीक्षेची तयारी करूं लागली. स्त्रियांना ट्रायपॉसला बसण्याचा हक्क १८८१ पासून मिळाला होता, पदवीचा नव्हता. शिवाय उच्च शिक्षणाच्या ताणानें स्त्रीची प्रकृति ढासळते, असें प्रतिपादन हेन्री मॉड्स्ली या नामांकित वैद्यानें १८७४ सालीं केलें होतें, आणि तें मानणारे पुष्कळ होते. फिलिप्पाला जर परीक्षागृहांत घेरी आली असती, तर ती एकटीची घेरी ठरली नसती. मॅक्सवेल खुशाल आजारी पडूं शकत होता. तिला ती मुभा नव्हती.

तिनें काय केलें? दिवसांतून सहा तास अभ्यास. सकाळीं आठला उठणें, आणि रात्रीं अकरानंतर सहसा न जागणें. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून रात्र रात्र जागण्याची चाल त्या वेळीं केंब्रिजांत बोकाळली होती. आपल्याकडे शेंडी खुंटीला बांधीत, त्याच जातीचा हा प्रकार. फिलिप्पा त्याच्या वाटेला गेली नाहीं. परीक्षा आली म्हणून दिनक्रम मोडावयाचा नाहीं, ही गोष्ट बोलायला सोपी, पण भोंवतालीं सारे जागत असतां दिवा मालवून निजायला जाणें ही सामान्य हिंमत नव्हे. ज्या झोपेच्या पाठीं तिचे वडील चौकांत धांवले, ती झोप तिनें महिनोन्‌महिने आधीं संवयीनें बांधून ठेवली होती.

७ जून १८९० या दिवशीं सिनेट हाउसमध्यें निकाल वाचला गेला. प्रथम पुरुषांची यादी; तींत सेंट जॉन्स कॉलेजचा बेनेट सीनिअर रँग्लर. मग स्त्रियांची. त्यांचा क्रमांक पुरुषांच्या यादींतील कोणाच्या मागेंपुढें येतो, एवढेंच सांगण्याची पद्धत होती. फिलिप्पा फॉसेट हें नांव उच्चारलें गेलें, आणि पुढचे शब्द आले: सीनिअर रँग्लरच्या वर. त्यानंतर सज्ज्यांत जमलेल्या मुलींचा जयघोष असा उसळला, कीं वाचणाऱ्याला थांबावें लागलें.

सीनिअर रँग्लर हें बिरुद मात्र बेनेटकडेच राहिलें, कारण तें पुरुषांच्या यादींतलें. गुणानुक्रम जाहीर करण्याची चाल केंब्रिजनें १९०९ च्या परीक्षेनंतर सोडून दिली. फिलिप्पा कांहीं वर्षें न्यूनहॅममध्यें शिकवून दक्षिण आफ्रिकेंत शाळा उभारण्याच्या कामाला गेली, आणि परत आल्यावर लंडनच्या कौंटी कौन्सिलांत शिक्षणखात्याचें काम तिनें दीर्घकाळ केलें. केंब्रिजनें स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास आरंभ केला तो १९४८ सालीं. त्याच वर्षींच्या जूनच्या १० तारखेस, ऐंशी वर्षांच्या वयांत, ती निवर्तली.