बार्शी लाईटची धाकटी पाती

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत आकाशपाळण्याच्या शेजारी मुलांची आगगाडी लागते. जाड पट्टी वाकवून आडव्या अँगलवर वेल्ड केलेले रुळांचे तुकडे, टोकाला बोल्टची भोकं. रिकाम्या रानात तुकडे मांडायचे, खाली फळ्या सारून पाणसळ काढायची, बोल्ट आवळायचे की संध्याकाळी गाडी फिरू लागते. पोरं हट्ट धरतात, आईबाप तिकीट काढून देतात. या गाडीला वंशावळ आहे, आणि तिच्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्याच मुलखात लिहिलं गेलं.

माणूस बसून जाईल अशी चिमुकली आगगाडी खेळण्यापासून मोठी होत गेली, असा सर्वसाधारण समज आहे. तिचा जन्म मात्र मालवाहतुकीच्या हिशेबातून झाला. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात डफिल्ड इथे सर आर्थर हेवूड नावाचे गृहस्थ राहत. मोठ्या रेल्वेला परवडणार नाही इतका थोडा माल वाहायचा, तर रूळ किती अरुंद चालतील, हा त्यांचा प्रश्न होता. 1874 पासून त्यांनी आपल्या राहत्या घराच्या टेकडीवर लाईन टाकायला घेतली. दोन रुळांमधलं अंतर अवघं 15 इंच, म्हणजे 381 मिलिमीटर. इंजिनं घरच्याच कारखान्यात बांधली. पहिलं इंजिन ‘एफी’, पुढचं ‘एला’. एवढ्याशा रुळांवर त्यांनी जेवणाचा डबा आणि झोपण्याचा डबासुद्धा चालवून दाखवला. लष्कराने ही गाडी घ्यावी अशी त्यांची फार इच्छा होती, पण लष्कराने दाद दिली नाही. 1896 मध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या ईटन हॉल इस्टेटीवर मात्र तशी लाईन पडली. घरच्या कारखान्यात स्वतःच्या हातांनी गाडी बांधून तिच्यावर बसणाऱ्या आजच्या प्रत्येक हौशी माणसाचे मूळ पुरुष हेवूडच.

हेवूड यांचाच प्रश्न दुसऱ्या एका इंजिनिअरने बार्शीत सोडवला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण मुख्य लाईन तिच्यापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर. माल बैलगाड्यांनी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, न्यावा लागे. 1895 मध्ये कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली आणि 1897 मध्ये गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, 762 मिलिमीटर. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये निजामाच्या हद्दीत शिरून लातूरला आली, 1927 मध्ये मिरजेला. लातूरच्या जुन्या पिढीच्या तोंडी ती कायम ‘बार्शी लाईट’ राहिली.

अरुंद रूळ जगात आधीही होते. कॅलथ्रॉप यांची करामत वजनाच्या वाटणीत आहे. इंजिन असो, मालडबा असो, पाच टनांहून जास्त भार कोणत्याही एका आसावर पडू द्यायचा नाही, हा त्यांनी घालून घेतलेला नियम. लीड्सच्या किट्सन कारखान्यातून आलेल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं होती. ओढण्याची ताकद हवी, पण रुळावर बोजा नको, म्हणून वजन चार आसांवर पसरलं. डब्यांचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे: हलके आणि ताठ. त्यामुळे यार्डाला 30 पौंड, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो वजनाचा रूळ पुरला. आज मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ पडतो, यावरून काय ते समजावं. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. माझ्या मते भारतात येऊन कुण्या इंग्रज इंजिनिअरने केलेल्या सगळ्यांत नेटक्या कामांपैकी हे एक आहे. गाड्या इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे खास लाईन टाकून त्यांनी त्या इंजिनिअर मंडळींना चालवून दाखवल्या. पुढे 1904 मध्ये इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनवर त्यांनी हीच पद्धत नेली. तिथल्या इंजिनांच्या कपाळावर हिंदुस्थानी धर्तीचे भले मोठे दिवे होते.

1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लातूरचा मार्ग रुंद झाला आणि अडीच फुटी रूळ उखडले गेले. 2016 च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती बव्हंशी याच वाटेने.

ही झाली थोरली पाती, ओझं वाहणारी. धाकटी पाती हौसेची. 1898 मध्ये लंडनात ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक निघालं आणि घरच्या लेथवर इंजिनं घडवणाऱ्यांना एकमेकांचा पत्ता लागला. 1905 मध्ये हेन्री ग्रीनली आणि बॅसेट-लोक यांनी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर 15 इंची गाडी तिकीट लावून चालवली. यात्रेतल्या आगगाडीची थेट पणजी ती. मग ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारे कारागीर आले. स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी छोटी इंजिनं शोभेची. कोळशावर चालणारं, नीट बांधलेलं अडीच इंची इंजिनसुद्धा मोठ्या माणसाला ओढू शकतं, असा त्यांचा दावा. 1920 च्या दशकात त्यांच्या ‘आयेशा’ने ते सर्वांसमोर करून दाखवलं. तिथून घरच्या बागेतल्या लाईनींचं पेव फुटलं. वॉल्ट डिस्ने यांनी 1950 मध्ये आपल्या परसात सव्वासात इंची, म्हणजे 184 मिलिमीटरची वाफेची गाडी घातली. 1953 मध्ये ती रुळावरून घसरून एक लहान मुलगी वाफेने भाजली आणि त्यांनी ती बंद केली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने बॉयलरच्या नादी लागू नये, बॅटरी आणि ई-रिक्षाची मोटर वापरावी असं मी आग्रहाने सांगतो, त्यामागे ही गोष्ट आहे.

आपल्याकडे 1956 मध्ये पुण्याच्या पेशवे पार्कात ‘फुलराणी’ धावू लागली.

आता लातूर-नांदेडकडे. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून 2020 च्या डिसेंबरमध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. बार्शी लाईटच्या कुर्डुवाडीच्या कारखान्यात आजही माथेरानच्या डब्यांची कामं होतात. आणि ट्रॅक्टरची ट्रॉली बांधणारा वेल्डर तर आपल्या प्रत्येक तालुक्याला आहे. सव्वासात इंची गाडी बांधायला लागणारं जवळजवळ सगळं सामान त्याच्या शेडमध्ये पडलेलं असतं. कॅलथ्रॉप यांचा हिशेब तेवढा त्याच्याजवळ बसून मांडावा लागतो. चार मोठी माणसं तीनशे किलो, डबा शंभर किलो. दोन बोग्यांचे मिळून चार आस. म्हणजे आसाला शंभर, चाकाला पन्नास. एवढ्याला 25 बाय 12 ची पट्टी उभी धरून, वीत-सव्वा वीत अंतरावर स्लीपर दिले की पुरे.

खरी परीक्षा टाक्यांची. वेल्ड थंड होताना लोखंड ओढ घेतं. एका बाजूने सरळ काडी ओढत गेलात, तर तीन मीटरचा तुकडा केळीसारखा वाकतो आणि मग घणाने ठोकूनही धड सरळ होत नाही. म्हणून आधी 184 मिलिमीटरचा ठोकळा रुळांमध्ये घालून सगळीकडे नुसते टाके मारायचे. कर्ण मोजून काटकोन तपासायचा. मग आलटून पालटून, एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, बोटभर लांबीचे वेल्ड. दोन तुकडे पाठीला पाठ लावून शिकंज्यात आवळले तर एकाची ओढ दुसरा खातो. वळणावर ठोकळा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्यायचा, नाहीतर लांब बोगी अडकते.

चाकं लेथवर लावताना टर्नरला बजावून सांगावं लागतं: चाकाची धाव सपाट नको, बाहेरच्या कडेकडे सुमारे तीन अंशांचा उतार हवा. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसलेली असतात. उतारामुळे वळणावर बाहेरचं चाक जाड भागावर चालतं, आतलं बारीक भागावर, आणि बाहेरच्या रुळाचं वाढीव अंतर आपोआप भरून निघतं. बार्शी लाईटपासून वंदे भारतपर्यंत ही युक्ती तीच आहे. सपाट धावेचं चाक कड घासत, किंचाळत जातं आणि वर्षा-दोन वर्षांत रूळ खातं.

राहिली जमीन. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. नुसत्या तिच्यावर ठेवलेली लाईन एका पावसाळ्यात नागमोडी होते. दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मस करायचा, त्यावर बारीक खडी. काम दसऱ्यानंतर, जमीन वाफशावर आली की घ्यावं. सहा मीटर लांब रूळ चाळीस अंशांच्या फरकाने जवळपास तीन मिलिमीटर वाढतो. पौषाच्या थंडीत सांधे भिडवून बसवलेले रूळ वैशाखात बाजूला फुगवटा काढतात, म्हणून प्रत्येक सांध्यात ही वाढ मावेल एवढी फट ठेवायची आणि सांध्याच्या पट्टीची भोकं लांबट करायची, म्हणजे बोल्ट रूळ धरतो पण सरकूही देतो.