दिंडीच्या वहीतलं पंढरपूर



शताब्दीच्या स्मरणिकेसाठी ‘काहीतरी जुनं लिहा’ असं मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी दिंडीच्या खर्चाच्या वह्या काढल्या. पहिल्या दोन वह्या मोडीत आहेत. वडिलांनी त्या बाळबोधीत उतरवून ठेवल्या होत्या म्हणून माझ्यासारख्याला वाचता आल्या. त्यात देवाचं काही नाही. शिधा, गोवऱ्या, घासलेट, पखवाजाची शाई, पताकेचं कापड, बुक्का, नावेचे पैसे, यात्राकर, मठाला दिलेलं धान्य, असं सगळं आहे. पण वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की आपले आजे-पणजे पंढरीत कसे राहिले, कुठून कुठं चालले, हे दुसऱ्या कशातून कळणार नाही.

आता गाडी येते, दर्शन होतं, रात्री परत गावात. त्यात वाईट काही नाही. म्हाताऱ्या माणसानं काय करावं? पण तेव्हा दशमीला पोचलेला वारकरी पौर्णिमेचा काला घेतल्याशिवाय हलत नसे. पाच-सहा दिवस मुक्काम, आणि कनवटीला चार-आठ आणे. असली हजारो माणसं दर वर्षी येणार, राहणार, जेवणार. त्यांना सांभाळता सांभाळताच हे गाव असं वाढलं, असं मला वाटतं. म्हणून वही हातात घेऊन मी गेल्या कार्तिकीला चार दिवस जास्त राहिलो आणि गाव पायी फिरलो.

सुरुवात नदीपासून. भीमा इथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. वहीत ‘नावेचे’ म्हणून पैसे मांडलेत, ते कोळी बांधवांना दिलेले. पुंडलिकाच्या देवळातली पूजाही कोळी समाजाकडेच आहे. म्हणजे पंढरीला ज्याच्यामुळं देव थांबला, त्याची सेवा करणारा आणि वारकऱ्याला पाण्यातून पलीकडं नेणारा एकाच समाजाचा. लहानपणी हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

वाळवंट ही गरिबाची धर्मशाळा. वर आभाळ, खाली वाळू, भाडं नाही. तीन दगडांची चूल, वाळूत हातभर खड्डा करून झिरपलेलं पाणी, आणि रात्रभर चारी बाजूंनी कीर्तनं. आमची आजी म्हणायची, “झोप लागली नाही तर पुण्य लागतं.” पण हे सगळं गोडच होतं असं लिहिलं तर खोटं होईल. त्याच पाण्यानं पटकी यायची. वारीतून परतताना वाटेतच माणसं गेल्याच्या गोष्टी आपल्या गावातही आहेत. पुढं टोचणी सक्तीची झाली. वहीत एका वर्षी ‘टोचणीत दिवस मोडला’ एवढीच ओळ आहे. १९८० साली वर उजनीचं धरण पुरं झालं आणि नदीचं रूपच पालटलं. आता वारीला धरणातून पाणी सोडतात. एरवी पात्रात चिखल आणि शेवाळ. वाळवंटात राहुट्या ठोकायलाही कोर्टानं बंधनं घातली, आणि पलीकडच्या तीरावर ६५ एकरात दिंड्यांची सोय झाली. तिथं नळ आहेत, संडास आहेत. वाळवंट गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी पटकीचीही आठवण ठेवावी.

घाटानं वर चढलं की दोन्ही अंगांना होळकरांचा आणि शिंद्यांचा वाडा, अहिल्याबाईंचं राममंदिर, द्वारकाधीशाचं देऊळ. राजेरजवाड्यांनी हे बांधलं खरं, पण सावलीला बसला तो वारकरी. महाद्वारातून देवळाकडं आलो की उजवं-डावं बघायचं भान राहत नाही, सगळ्यांची मान कळसाकडं. यंदा मी मुद्दाम खाली बघितलं. खाली नामदेवांची पायरी. लोकांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ही जागा मागून घेतली असं आपण मानतो. आणि समोर चोखोबांची समाधी. चोखोबा वारले मंगळवेढ्याला. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर तेही गाडले गेले. साल १३३८. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्यावरून नामदेवांनी ती ओळखली आणि इथं आणली, अशी कथा आहे. जित्यापणी ज्याला पायरी ओलांडता आली नाही, त्याला जागा मिळाली ती पायरीसमोरच.

देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण पाठी घासल्या. तो मुळात देणगीदारांची यादी आहे, शके ११९५ ते ११९९ म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ मधली. रामदेवराव यादवाचं नाव त्यात आहे, हेमाद्रि पंडिताचं आहे, आणि साध्या भाविकांचीही आहेत. म्हणजे आपल्या वहीसारखीच एक वही, फक्त दगडावरची.

देवळाबाहेर पडून प्रदक्षिणेचा रस्ता धरला. काळा मारुती, चौफाळा, नाथ चौक करत परत महाद्वार. अनवाणी, टाळाच्या ठेक्यावर गेलं तर अंतर कळत नाही. एकट्यानं फिरलं की घरं दिसायला लागतात. ह्या वाटेवर नि आसपासच्या बोळांत मठ किती! कुणा फडाचा, कुणा जातीच्या मंडळींनी वर्गणी काढून बांधलेली धर्मशाळा, कुणा विधवेनं देवाला सोडलेलं घर. ओसरीवर दोन हात जागा, आडाचं पाणी, आणि बदल्यात पायलीभर ज्वारी. तुळशीच्या माळा ओवणारी काशीकापडी मंडळी, बुक्क्याची नि चुरमुऱ्या-बत्ताशांची दुकानं, सगळी वारीच्या पोटावर जगलेली आणि वारीला उधार देणारी. वहीत बुक्क्याची उधारी एका आषाढीची दुसऱ्या आषाढीला फेडलेली आहे, व्याजाचा शब्द नाही.

रेल्वेचंही सांगायला हवं. कुर्डूवाडीहून बार्शी लाइटची छोटी गाडी १९०६ साली पंढरपूरला आली. आपली दिंडी जाताना पायीच, पण परतीला म्हाताऱ्यांची तिकिटं दिंडीनं काढल्याच्या नोंदी आहेत. पायी येण्याचा नेम आहे, परत जाण्याचा नाही, असा सोयीचा अर्थ कुणीतरी शहाण्या विणेकऱ्यानं काढलेला दिसतो.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते. पहिल्या वहीपासून दर वर्षी एक नोंद आहे : ‘वाळवंटात शिधा पोचवला.’ कुणाला, ते नाही. बाकी आमटीच्या कोकमापर्यंत सगळं नावानिशी, आणि इथं नाव नाही. वडिलांना विचारलं होतं, तेव्हा त्यांनी सांगितलं. आपल्या गावची, गावकुसाबाहेरची दोन घरं दिंडीच्या मागं दहा हात अंतरानं चालत. पंढरीत आपण मठात उतरत असू, ती वाळवंटात. टाळ त्यांच्याकडं होते, माळ होती, एकादशी होती. पायरी मात्र नव्हती, आणि आपली ओसरीही नव्हती.

गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती असल्या माणसांसाठी. बाबा स्वतः खराटा घेऊन वाळवंट झाडत, आणि सांजच्याला त्याच जागी कीर्तनात जातपात झाडून काढत. ती धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्याआधी, १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. आधीचे काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली होती. तरी पंढरीत त्यांना जागा मिळेना. तनपुरे महाराजांनी आपला मठ उघडला. दहाएक दिवसांनी देऊळ सगळ्यांना खुलं झालं. मी त्या मठात जाऊन बसलो. बाहेर चहावाला ओरडत होता, आत दोन म्हाताऱ्या ज्वारी निवडत होत्या. मठ म्हणजे शेवटी एक दार, उघडणाऱ्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी नदीच्या कडेकडेनं गोपाळपूरला गेलो. वाटेत विष्णुपद, जिथं मार्गशीर्षात देवाचा मुक्काम असतो. गोपाळपूरच्या टेकाडावर काला होतो, ज्याच्या-त्याच्या शिदोरीचा एकत्र केलेला. तिथं बसून परत वही चाळली. १९४७ च्या आषाढीला ‘वाळवंटात शिधा’ ही नोंद नाही, पुढंही कधी नाही. मला वाटलं, चला, तेव्हापासून सगळे एका पंगतीला बसले असतील.

गावी आल्यावर त्यातल्या एका घरी गेलो. तिथले काका माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. म्हणाले, “शिधा बंद झाला, पण आत या असं कोण म्हणालं होतं? आमची आजी शेवटपर्यंत वारी करायची. चोखामेळा धर्मशाळेत उतरायची. तुमच्या दिंडीत नाही, मागं मोकळी चालायची.” चहा घेतला त्यांनी माझ्याबरोबर. आणखी काही बोलले नाहीत, मीही नाही. दुसरं घर पुण्याला गेलं.

ह्या स्मरणिकेच्या शेवटी जुन्या माळकऱ्यांची यादी छापली आहे. माझ्या हातात आली तेव्हा तिच्यात ही दोन घरं नव्हती. छापखान्यात द्यायच्या आधी मी ती घातली आहेत, आजीचं नाव काकांना विचारून. मंडळींना मात्र विचारलं नाही. तेवढी चूक माझ्या पदरात घालावी.