विनयपिटकातील गृहरचना : घराचे माप कोणी ठरवावे ?

घर बांधावयाचे झाल्यास आधी जागा पाहावी, आराखडा करून घ्यावा, जाणत्याचा सल्ला घ्यावा, ही गोष्ट आज कोणासही पटवून द्यावी लागत नाही. परंतु त्या आराखड्यातील लांबी-रुंदी कशावरून ठरावी, या प्रश्नाचे उत्तर प्राचीन भारतात एकच नव्हते. विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या अपराधांची आणि दंडांची यादी, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो समज बाजूला ठेवून सुत्तविभंग आणि चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धक वाचले, तर गृहबांधणीचे एवढे तपशीलवार दप्तर त्या काळच्या वाङ्मयात क्वचितच आढळेल, असे म्हणावे लागते.

या दप्तराची सुरुवात राजगृहात होते. पहाटे अरण्यातून, वृक्षातळाहून, डोंगरकपारीतून नगरात येणारे भिक्खू पाहून तेथील एका श्रेष्ठीने त्यांना निवासस्थाने बांधून देण्याची इच्छा व्यक्त केली. तथागतांनी विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा अशा पाच प्रकारच्या निवासांना अनुज्ञा दिली. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले, आणि ते कोणा एका भिक्खूला नव्हे, तर चारही दिशांच्या, आलेल्या व पुढे येणाऱ्या संघाला दिले. बाबासाहेबांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथसंग्रहाची सोय डोळ्यांपुढे ठेवून जे घर बांधले, त्याला याच नगराचे नाव दिले, हे वाचकांना ठाऊकच आहे.

साठ विहार एका दिवसात उभे राहिले खरे, पण राहावयास गेल्यावर उणिवा दिसू लागल्या. सेनासनक्खन्धकाचा पुढचा भाग म्हणजे या उणिवांची हकीकत. दार नव्हते, म्हणून दाराची अनुज्ञा झाली. मग उंबरा, कडी, दोरी ओढण्याचे छिद्र, किल्ली. अंधार आणि उग्र वास येऊ लागला, म्हणून खिडक्या आल्या : कठड्याची, जाळीची आणि सळ्यांची. जोते बुटके, म्हणून पाणी आत शिरे. तेव्हा जमीन उंच करून विटांची, दगडांची किंवा लाकडाची बांधणी करावी असे ठरले. उंची वाढली तेव्हा चढताना त्रास होऊ लागला. मग पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरून माणसे पडू लागली; मग आधारासाठी कठडा आला. आतल्या खोलीविषयीचा नियम तर आजच्या कोणत्याही नकाशा काढणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. लहान विहारात मध्यभागी खोली काढल्यामुळे भोवती वावरावयास जागा उरेना. तेव्हा लहान विहारात खोली एका बाजूस आणि मोठ्या विहारात मध्यभागी असावी, अशी अनुज्ञा झाली. येथे शुभाशुभाचा शब्द नाही. राहणाऱ्याला जी अडचण आली, तिच्यातून रचना निघाली.

मापाचा प्रश्न मात्र आळवी येथे उपस्थित झाला. तेथील भिक्खू स्वतःसाठी कुटी बांधत होते. त्यांना दाता नव्हता आणि मापाला मर्यादा नव्हती. बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, बांबू द्या, गवत द्या, माती द्या, अशी त्यांची याचना संपेना. लोक इतके त्रासले की भिक्खू दिसताच ते वाट बदलत, तोंड फिरवीत, दार लावून घेत. गाई दिसल्या तरी भिक्खूच आले असे समजून पळत. महाकस्सप तेथे आले, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला. त्यावर जो संघादिसेस नियम झाला, त्यानुसार दात्यावाचून, याचना करून, स्वतःसाठी बांधलेली कुटी आतून सुगत-वितीने बारा विती लांब व सात विती रुंद असावी. ही वीत सामान्य माणसाच्या वितीच्या तिप्पट, असे अट्ठकथा म्हणते. काही आधुनिक अभ्यासक ती सुमारे २५ सेंटीमीटर धरतात. तसे धरल्यास कुटी ३ मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद होते. मला दुसरे माप अधिक संभवनीय वाटते, कारण ज्या नियमाचा हेतू गावावरचा भार हलका करण्याचा आहे, त्याने ऐसपैस घराला मोकळीक द्यावी हे सुसंगत दिसत नाही.

दाता खर्च उचलत असेल तर पुढच्या नियमाने मापाची मर्यादा उठते. जागेची पाहणी मात्र दोन्ही ठिकाणी सक्तीची आहे. बांधणाऱ्याने जागा साफ करावी, संघापुढे येऊन तीनदा विनंती करावी, आणि संघाने किंवा संघाने नेमलेल्या जाणत्या भिक्खूंनी ती जागा पाहून यावी. त्यांनी काय पाहावे ? तेथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांची वस्ती आहे काय. ती जागा कोणाच्या पिकाला लागून, स्मशानाला, वधस्थानाला, कारागृहाला, मद्यालयाला किंवा हमरस्त्याला लागून आहे काय. आणि सभोवार जुंपलेली गाडी फिरेल इतकी मोकळीक आहे काय. कोसंबीला छन्न भिक्खूने विहाराच्या जागेसाठी लोकांना पूज्य असलेला वृक्ष तोडला, तेव्हा लोकांत संताप उसळला. दात्याच्या विहारालाही पाहणी लागू झाली ती त्यामुळे. शेजाऱ्याचे मन आणि मुंगीचे वारूळ ही दोन्ही या पाहणीत मोजली जातात.

याच्या शेजारी सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता ठेवून पाहावी. तिच्यातील वास्तुविद्येच्या प्रकरणात घराची रुंदी वर्णानुसार सांगितली आहे : ब्राह्मणाला ३२ हात, आणि पुढे प्रत्येक पायरीला चार हात कमी करत अगदी हीन मानलेल्यांना १६ हात. भूमीचा रंगही वर्णावर वाटून दिलेला आहे : पांढरी, तांबडी, पिवळी, काळी. म्हणजे नकाशाला हात लावण्याआधीच जन्माने रेघ आखलेली. विनयातही घराला मर्यादा आहे, पण ती कुटी मागून आणलेल्या साहित्याची आहे की दात्याच्या खर्चाची, यावरून ठरते. राहणारा कोणाच्या पोटी जन्मला, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही.

तरीही विषमता दुसऱ्या वाटेने आत येऊ शकते, हे वेसालीच्या शिंप्याच्या कथेत दिसते, आणि सेनासनक्खन्धकातील हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. वेसालीत लोक मोठ्या निगुतीने विहारांचे काम करीत होते. ते पाहून एका दरिद्री शिंप्याला वाटले, ज्याअर्थी लोक इतक्या आस्थेने हे करतात, त्याअर्थी ते लहानसहान काम नसावे, आपणही करावे. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. त्याला कसब नव्हते. भिंत वाकडी झाली आणि पडली. दुसऱ्यांदा बांधली, पडली. तिसऱ्यांदाही पडली. तेव्हा तो चिडून बोलू लागला : जे या श्रमणांना चीवर, भिक्षा, औषध देतात, त्यांना हे उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेख करतात, मी दरिद्री आहे, मला कोणी काही सांगत नाही.

हे बोलणे भगवंतांच्या कानी गेले. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामाची देखरेख रीतसर सोपविण्याची अनुज्ञा त्यांनी दिली : संघाने ठराव करून एका भिक्खूला ‘नवकम्म’ द्यावे, आणि विहार लवकर पुरा कसा होईल, मोडलेले कसे दुरुस्त होईल, हे त्याने पाहावे. सल्ला ही तोवर ओळखीची व देण्याघेण्याची बाब होती. एका गरिबाच्या तक्रारीने ती संघाची जबाबदारी झाली. पुढे या पदाचाही गैरवापर झाला. आळवीचेच भिक्खू थोडा गिलावा किंवा रंगसफेदी एवढ्यासाठी वीस-तीस वर्षांचे, क्वचित आयुष्यभराचे नवकम्म देऊ लागले. तेव्हा काम पाहून मुदत ठरविण्यात आली : लहान विहाराला पाच-सहा वर्षे, अड्ढयोगाला सात-आठ, मोठ्या विहाराला किंवा पासादाला दहा-बारा.

हे पद केवळ ग्रंथात राहिले नाही. भारहुतच्या स्तूपावर इसिपालित या भाणकाच्या दानाचा लेख आहे. तो स्वतःला नवकमिक म्हणवितो. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात व्यापारी बंधूंच्या दानाबरोबर काम पाहणाऱ्या भिक्खूचा आणि पाथरवटांचाही उल्लेख येतो. सह्याद्रीतल्या लेण्यांत अशा देखरेखीची गरज अधिकच होती. विटांची भिंत पडली तर पुन्हा रचता येते. कातळातून एकदा निघालेला दगड परत बसवता येत नाही. छतापासून खाली कोरत यावयाचे, म्हणजे खांब कोठे आणि खोल्यांची दारे कोठे, हे पहिला घाव घालण्याआधी ठरलेले असले पाहिजे. अजिंठ्याचे अपुरे राहिलेले चोविसावे लेणे पाहिले की हा क्रम डोळ्यांना दिसतो.

कार्ले येथे चैत्यगृहाला ‘सेलघर’, म्हणजे शैलघर, म्हटले आहे. ते पुरे करणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख तेथे आहे. आणि त्याच लेण्यात दाराशी दुसरा एक लेख आहे. त्यात धेनुकाकटाचा सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी, या घराचे मुख आपण केले असे सांगतो.