शोसोइन प्रदर्शन

शोसोइन प्रदर्शन : जपानमधील नारा येथील राष्ट्रीय संग्रहालयात दर शरद ऋतूत भरणारे प्राचीन वस्तूंचे प्रदर्शन. ऑक्टोबरच्या अखेरीस ते उघडते आणि साधारण अडीच आठवडे चालते. तोदाईजी मंदिराच्या शोसोइन या भांडारात आठव्या शतकापासून जतन केलेल्या सुमारे ९,००० वस्तूंपैकी साठाच्या आसपास वस्तू एका वर्षी मांडतात. एकदा दाखवलेली वस्तू त्यानंतर निदान दहा वर्षे बाहेर काढायची नाही, असा सर्वसाधारण प्रघात आहे. त्यामुळे कोणत्याही दोन वर्षांची प्रदर्शने सारखी नसतात आणि संपूर्ण संग्रह एकत्र पाहण्याची सोय कोणालाच नाही.

संग्रहाचा उगम : सम्राट शोमू यांचे ७५६ मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतरच्या ४९व्या दिवशी सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वापरातील व संग्रहातील वस्तू तोदाईजीच्या महाबुद्धाला अर्पण केल्या. सोबत दिलेली यादी ‘कोक्का चिन्पोचो’ या नावाने ओळखली जाते. तीत सहाशेंहून अधिक वस्तूंची नावे, मापे, साहित्य आणि काही ठिकाणी पूर्वीच्या मालकांची परंपराही दिली आहे. मजकुरात कोणी मागाहून फेरफार करू नये म्हणून कागदावर राजमुद्रा दाटीने उमटवल्या आहेत. ७५८ पर्यंत आणखी चार याद्या आल्या. या संग्रहाचे खरे मोल इथे आहे. त्या काळचे वैभव इतर देशांतही सापडते, पण ते बहुधा थडग्यांतून, मातीतून, मालकाच्या नावाविना सापडते. शोसोइनमधील वस्तू कधी पुरल्या गेल्या नाहीत आणि त्यांतील अनेकींची कागदोपत्री ओळख वस्तूच्याच वयाची आहे. अर्थात यादीतले सारे टिकले नाही. ७६४ च्या फुजिवारा नो नाकामारोच्या बंडात तलवारी, धनुष्ये व चिलखते मोठ्या संख्येने बाहेर नेली गेली आणि ती परत आली नाहीत. पहिल्या यादीतील शंभराच्या आसपास वस्तूच आज ओळखता येतात. उरलेला संग्रह मंदिराची उपकरणे, समारंभांचे साहित्य व कचेऱ्यांची दप्तरे यांचा आहे.

इमारत : सायप्रस लाकडाची, सुमारे ३३ मी. लांब व १४ मी. उंच, तळमजला नाही, जमीन खांबांवर अडीच मीटरहून अधिक उचललेली. उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन कक्ष. ११८० व १५६७ च्या युद्धांत तोदाईजीचे मुख्य मंदिर जळाले, भांडार वाचले. दोन टोकांच्या कक्षांच्या भिंती त्रिकोणी छेदाच्या ओंडक्यांच्या आहेत. दमट हवेत हे ओंडके फुगून फटी बुजवतात व कोरड्या हवेत आकसून वारा आत घेतात, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ सांगितले गेले. अलीकडच्या अभ्यासकांना ते मान्य नाही. छताचा भार पेलणाऱ्या ओंडक्यांची अशी हालचाल संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे असून जतनाचे श्रेय ते उंच जमीन आणि सीडरचे झाकणबंद पेटारे यांना देतात. वस्तू आता १९५३ व १९६२ मध्ये बांधलेल्या काँक्रीटच्या भांडारांत आहेत.

मोहोर आणि हवा देणे : प्रदर्शनाची वेळ संग्रहालय ठरवत नाही, भांडाराचे कुलूप ठरवते. दारांवर सम्राटाची मोहोर असते. ऑक्टोबरच्या आरंभी सम्राटाच्या दूतासमोर ती काढतात आणि सुमारे दोन महिन्यांनी दारे पुन्हा मोहोरबंद होतात. हवेतील ओलावा कमी असलेल्या या दिवसांत वस्तूंना हवा देणे, कीड-बुरशी तपासणे, नोंदी पडताळणे ही मूळ कामे आहेत. लोकांसमोरची मांडणी त्यांच्या मुदतीत बसवावी लागते. आपल्याकडे पोथ्या पावसाळ्यानंतर सोडून उन्हवारा दाखवत, त्याच जातीची ही काळजी आहे. कार्यक्रमाआधी जतन, हा क्रम जगातील इतर मोठ्या संग्रहालयांनी उचलण्यासारखा आहे.

इतिहास : १८७५ मध्ये तोदाईजीत भरलेल्या नारा प्रदर्शनात शोसोइनच्या वस्तू सामान्य लोकांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिल्या. पुढे भांडार सरकारी व नंतर राजघराण्याच्या खात्याच्या ताब्यात गेले. १९४० मध्ये टोकियोत एक प्रदर्शन झाले. दुसऱ्या महायुद्धात सुरक्षिततेसाठी वस्तू नाराच्या संग्रहालयात हलवल्या होत्या. त्या परत नेण्याआधी लोकांना दाखवाव्यात, या मागणीतून १९४६ चे पहिले प्रदर्शन झाले. युद्धात हरलेल्या, अन्नधान्याची टंचाई असलेल्या देशात ते पाहायला लाखाहून अधिक लोक आले. क्रमांकांत तीन वर्षे धरलेली नाहीत, त्यामुळे २०१९ चे प्रदर्शन ७१वे ठरते. २०२० मध्ये साथीमुळे दिवस व वेळ आगाऊ ठरवून प्रवेश देण्यात आला.

औषधे : प्रेक्षकांची गर्दी वाद्ये व काचपात्रांभोवती होते, वैद्यकाच्या इतिहासासाठी मात्र ‘शुजु याकुचो’ ही ६० औषधांची यादी व तिच्यातील उरलेली द्रव्ये अधिक बोलकी आहेत. आजारी माणसासाठी औषध हवे असल्यास ते भांडारातून द्यावे, अशी तरतूद सम्राज्ञीने अर्पणपत्रातच केली होती, आणि पुढे ती खरोखर वापरली गेली. यादीत दालचिनी, ज्येष्ठमध, जिन्सेंग व रेवाचिनी आहेत. हिरडा, मिरी, पिंपळी आणि लाख ही द्रव्येही आहेत, आणि ती भारतीय वैद्यकाच्या वाचकाला परकी वाटणार नाहीत. हिरड्याचे नाव तर संस्कृत ‘हरीतकी’वरूनच चिनी लिपीत गेले आहे. ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून नोंदलेले द्रव्य म्हणजे प्राचीन सस्तन प्राण्यांचे जीवाश्म होत. १९४८ नंतर आसाहिना यासुहिको यांच्या नेतृत्वाखाली या द्रव्यांची पद्धतशीर तपासणी झाली. साडेबाराशे वर्षे जुनी, नाव व वजन लिहून ठेवलेली औषधे प्रत्यक्ष हाती असणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

वाद्ये व काच : पाच तारांचा बिवा हा प्रदर्शनाचा मानबिंदू, त्या काळचे या जातीचे दुसरे वाद्य जगात उरलेले नाही. तांबूस कठीण लाकडावर शिंपल्याचे जडावकाम असून आघाताच्या पट्टीवर उंटावर बसून बिवा वाजवणारा वादक आहे. वाद्यप्रकार भारतातून मध्य आशियामार्गे पूर्वेकडे गेला असे सामान्यतः मानतात. पांढरे काचपात्र सासानी इराणी बनावटीचे असून त्यावर ८० वर्तुळाकार पैलू आहेत. निळा काचेचा पेलाही प्रसिद्ध.

वस्त्रे : तुकड्यांची संख्या प्रचंड. मेण लावून, फळ्यांत आवळून आणि बांधणीने रंगवलेली अशी तिन्ही तंत्रे आढळतात.

महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी : ७५२ मधील या विधीचे पौरोहित्य दक्षिण भारतातून ७३६ मध्ये जपानला पोहोचलेल्या बोधिसेन या भिक्षूने केले. मूर्तीचे डोळे रेखणारी लेखणी आणि तिला जोडलेली, उपस्थितांनी पुण्यासाठी हाती धरलेली निळी रेशमी दोरी शोसोइनमध्ये आहे. दोरीची लांबी दोनशे मीटरच्या जवळपास भरते. तीच लेखणी ११८५ मध्ये पुन्हा घडवलेल्या मूर्तीसाठी निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी वापरली.

दप्तर : दर वर्षी काही जुने कागदही मांडतात. मुदत संपलेल्या सरकारी कागदांच्या कोऱ्या पाठी सूत्रे नकलणाऱ्या कचेरीने हिशेबासाठी वापरल्या, म्हणून ७०२ ची कुटुंबनोंदणी उरली. नकलनविसांचे रजेचे अर्जही आहेत. कारणे आजारपण, कपडे धुणे अशी. पिसांनी सजवलेल्या स्त्रीचित्रांच्या सहा पाखांचा पडदा चीनमधून आल्याचे पूर्वी मानत. पिसे जपानी फेझंट पक्ष्याची निघाली आणि अस्तरात ७५२ चे, कोरियातील सिल्लाच्या मालाच्या खरेदीचे कागद मिळाले. त्यावरून तो जपानात बनल्याचे आता मानतात. कागदाच्या एका अस्तराने शैलीवरून बांधलेला तर्क बदलावा, हे कलाइतिहासकारांनी लक्षात ठेवावे असे उदाहरण आहे.

रान्जाताई : अगरूचा ओंडका, लांबी १५६ सेंमी., वजन ११.६ किग्रॅ. शोगुन आशिकागा योशिमासा, सेनानी ओदा नोबुनागा (१५७४) व सम्राट मेइजी (१८७७) यांनी तुकडे काढल्याच्या जागी चिठ्ठ्या लावल्या आहेत. तो भांडारात केव्हा आला याविषयी मतभेद आहेत.

२०१९ : सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणानिमित्त त्या शरदात नाराच्या प्रदर्शनाबरोबरच टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातही शोसोइनच्या वस्तू मांडल्या गेल्या. टोकियोला पाच तारांचा बिवा व रान्जाताई गेले. नाराला वर उल्लेखिलेल्या पडद्याची सहाही पाखे होती.

प्रतिकृती : मूळ वस्तू वारंवार बाहेर काढता येत नसल्याने जुन्या तंत्राने नव्या वस्तू घडवण्याचे काम चालते. क्ष-किरण व इतर तपासण्यांवरून आतील जोडणी समजून घेऊन कारागीर काम करतात. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या बिव्याच्या प्रतिकृतीला आठ वर्षे लागली. तिच्या तारांसाठी राजवाड्यात तत्कालीन सम्राज्ञी मिचिको यांनी जोपासलेल्या कोइशिमारू जातीच्या रेशीमकिड्यांचा धागा वापरला. हा किडा जुना, बारीक धाग्याचा, व्यापारी उत्पादनातून जवळजवळ गेलेला. अशा प्रतिकृतींचे फिरते प्रदर्शन २०२० पासून जपानच्या निरनिराळ्या शहरांत झाले.