धूळपाटीपासून उमेदवारीपर्यंत

शिक्षकाचे काम शिकावयाचे तर प्रत्यक्ष वर्गापुढे उभे राहिलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न उरतो तो असा, की या उमेदवारीचा भार कोणी सोसावयाचा? या प्रश्नाच्या एका मोठ्या प्रकरणाचा आरंभ आपल्याच देशात, मद्रासेत झाला.

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथालयाचे अधीक्षक झाले. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरविताना त्यांच्या दृष्टीस पडली. धूळपाटीवर मुळाक्षरे घटविणे ही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांची रीत; पंतोजींच्या शाळेत थोरल्या मुलाने धाकट्यास शिकविणे हेही नित्याचेच. बेल यांना मात्र त्यात नवी वाट दिसली. त्यांच्या हाताखालचे साहाय्यक शिक्षक ही रीत मनापासून स्वीकारीनात. तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. मुलाने तो उत्तम सांभाळला, आणि हळूहळू पगारी साहाय्यकांची कामे मुलांकडेच आली. स्वतः बेल यांनीही अधीक्षकपदाचे वेतन नाकारले होते. परंतु लष्करी धर्मोपदेशकाच्या पदांचे उत्पन्न त्यांच्या गाठीशी होते, हे विसरून चालणार नाही.

१७९७ मध्ये बेल यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तांत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये बरो रोड येथे याच धर्तीची शाळा काढली. एक शिक्षक आणि शेकडो मुले, मध्ये मॉनिटरांची फळी, अशी ही योजना होती. ती अत्यंत स्वस्त, म्हणून पाहता पाहता देशोदेशी पसरली. १८२० नंतर मुंबईच्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीच्या शाळांतूनही लँकेस्टर पद्धतीचा अवलंब झाला. वाळूवरची अक्षरे अशी समुद्र ओलांडून परत घरी आली!

परंतु स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतच असते. मॉनिटर स्वतःच बालक. जेवढे पाठ केले तेवढेच तो पुढे सांगणार. त्याने प्रश्नाबाहेरचे काही विचारले तर उत्तर द्यावयास गुरूला सवड कोठून असणार? शिवाय गरिबाघरचा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होताच मजुरीस जाई, आणि त्याच्या हाती आलेले शिकविण्याचे कौशल्य शाळेला अंतरे.

हा दोष जाणून जेम्स के-शटलवर्थ यांनी १८४६ मध्ये इंग्लंडात विद्यार्थी-शिक्षकांची योजना सुरू केली. किमान तेरा वर्षांच्या मुलामुलींनी पाच वर्षे उमेदवारी करावयाची. दिवसा वर्गावर शिकवावयाचे आणि शाळेच्या वेळेबाहेर मुख्याध्यापकांकडून रोज दीड तास स्वतः शिकावयाचे. सरकारने त्यांस पहिल्या वर्षी १० पौंड व पाचव्या वर्षी २० पौंड द्यावयाचे. मुख्याध्यापकांसही या शिकवणीचा मोबदला मिळे. शेवटी परीक्षेत यश आल्यास शिष्यवृत्ती मिळून अध्यापक विद्यालयाचे दार उघडे होई. मजुरांच्या मुलांना शिक्षक होण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. १८६२ च्या सुधारित नियमावलीने ही सरकारी विद्यावेतने बंद केली, तेव्हा उमेदवारांची संख्या घटू लागली. इतिहासाने दिलेला दाखला स्पष्ट आहे.

आपल्याकडे २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी. एड्. अभ्यासक्रमात वीस आठवडे शाळेत काढावे लागतात. याखेरीज अनुभवासाठी म्हणून विनावेतन शिकविणारे तरुणही थोडे नाहीत. त्यांची सेवावृत्ती वंद्यच होय. परंतु अशा उमेदवाराला पाठाचे निरीक्षण करून चूक दाखविणारा अनुभवी गुरू लाभतो काय, की रिकाम्या तासाला उभा करण्यापुरताच त्याचा उपयोग होतो, हे पाहिले पाहिजे. आणि ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही त्याने ही सेवा किती दिवस करावी? उमेदवारी जर फुकटच ठेवावयाची, तर शिक्षकाचा पेशा हळूहळू खाऊनपिऊन सुखी घरांपुरता उरेल. आणि धूळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या गरिबाच्या मुलाला आपल्यासारख्याच घरातून आलेला गुरू भेटणे दुर्मिळ होईल.