मुक्ताम्बाळचं छत्र आणि कडू बियांचं विष



तंजावूरहून पट्टुकोट्टैकडे निघालं की सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. रामेश्वरच्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मुक्ताम्बाळच्या नावाने छत्र बांधलं. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र, दोन्ही.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला होता. छत्रं तरी आपल्या हाती राहावीत म्हणून राजांनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिलं. छत्रांत काय चालतं ते त्यात सांगितलं आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण, मुलांना शिक्षण, आजाऱ्याला औषध, आणि विषारी दंशावर इलाज करणारे वैद्य. वाटसरूला विष बाधलं तर त्याचा इलाज ही राज्याची जबाबदारी मानली जात होती.

विष म्हटलं की आपल्याला साप-विंचू आठवतात. पण एक विष असं आहे, जे अख्ख्या बीमध्ये तयार स्वरूपात नसतंच. बी चावली की ते तयार होतं. ते म्हणजे सायनाइड. त्याचा उलगडा राजांच्याच काळात युरोपात होत होता.

१७८२ मध्ये शील या रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोसायनिक आम्ल वेगळं काढलं. १८३० मध्ये फ्रान्समध्ये रोबिके आणि बुत्रों-शार्लार यांनी कडू बदामातून अमिग्डलिन मिळवलं. १८३२ मध्ये सरफोजीराजे वारले. पुढे १८३७ मध्ये जर्मनीत लीबिग आणि व्होलर यांनी दाखवून दिलं, की बदामातलाच दुसरा एक पदार्थ या अमिग्डलिनला फोडतो आणि साखर, बदामाचा वास देणारं बेन्झाल्डिहाइड आणि सायनाइड अशी तीन द्रव्यं सुटतात. या पदार्थाला त्यांनी इमल्सिन म्हटलं. आज आपण अशा पदार्थांना एन्झाइम किंवा विकर म्हणतो.

फौजेत स्फोटकं आणि डिटोनेटर एका कोठारात ठेवत नाहीत. बीचंही तसंच. अमिग्डलिन एकीकडे, विकरं दुसरीकडे. दात लागला, पेशी फुटल्या, की दोन्ही एकत्र येतात. बी खाणाऱ्याला मिळालेली ही शिक्षाच.

आपल्या शेतकऱ्याला हे प्रकरण ज्वारीतून माहीत आहे. पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी गुरांनी खाल्ली, की ती धापा टाकत कोसळतात. त्यामागचा धुरिन हा पदार्थ डन्स्टन आणि हेन्री यांनी १९०२ मध्ये शोधला. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट वेळेवर टोचलं तर जनावर वाचू शकतं. ओरत्तनाडुला आज सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्राच्या गावात विषावरचा इलाज आता असा शिकवला जातो.

स्वयंपाकघरातला क्रमही इथे महत्त्वाचा. कडू टॅपिओकाचा कंद आधी किसून भिजवायचा, मग शिजवायचा. किसल्याने विकर आपलं काम करतं, सुटलेलं सायनाइड पाण्यात आणि हवेत जातं. ते २६ अंशांनाच उकळतं. अख्खा कंद थेट उकळला, तर विकर मरतं आणि विषाचा कच्चा माल आतच राहतो. पोटातले जिवाणू मग तो फोडू शकतात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे फोनवर फिरणारे संदेश. जर्दाळूच्या कडू बियांत 'बी-१७ जीवनसत्त्व' आहे, त्याने कॅन्सर बरा होतो, असं त्यांत म्हणतात. असं जीवनसत्त्व नाही. ते हेच अमिग्डलिन. अमेरिकेत १७८ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. १९८२ मध्ये निष्कर्ष आला, की फायदा काही नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, की मोठ्या माणसाने कच्च्या तीन छोट्या बियांपेक्षा जास्त खाल्ल्या तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. तान्ह्या-लहानग्यांना एकही बी जास्त.

आपल्या घरात जर्दाळूची बी फोडून आतला गर मुलांना द्यायची पद्धत आहे. गोड जातीचा असेल तर गोष्ट वेगळी. पण कडू लागला, तर मुलाला लगेच थुंकायला सांगा. गिळलेला असेल आणि चक्कर, उलटी, धाप सुरू झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना सांगा की बी खाल्ली आहे.