खोगीर, कमर आणि कोट : अमेरिकी होल्स्टरची दोन शतके

पिस्तूल अंगावर बाळगण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चामड्याच्या, कापडाच्या किंवा अलीकडे प्लॅस्टिकच्या आवरणाला होल्स्टर म्हणतात. शस्त्रांच्या इतिहासलेखनात या वस्तूच्या वाट्याला बहुधा तळटीपच आली आहे. संग्राहकांनी नळीची लांबी, काडतुसाचा व्यास आणि मुठीवरची नक्षी यांच्या बारीक नोंदी ठेवल्या, परंतु ते शस्त्र माणसाच्या शरीरावर दिवसभर कसे राहत होते, बसताना कोठे टोचत होते आणि धावताना निसटत होते की नाही, हे प्रश्न मोची आणि खोगीरकार यांच्यावर सोपवून दिले. सामान्य नागरिकाने पिस्तूल बाळगण्याची रीत ज्या अमेरिकेत सर्वाधिक रुजली, तेथील होल्स्टरची घडण पाहिली तर मात्र असे दिसते की तिला आकार देण्यात पिस्तुलापेक्षा माणसाच्या बैठकीचा, कपड्यांचा आणि कायद्याचा हात मोठा होता.

आरंभी हे ओझे माणसाने उचललेच नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपीय घोडदळात पिस्तुलांची जोडी खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या चामडी नळकांड्यांत ठेवलेली असे, आणि हीच पद्धत अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली. सॅम्युएल कोल्ट यांनी टेक्सासचे सैनिक सॅम्युएल वॉकर यांच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये घडवलेले ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचे होते, त्यामुळे ते कमरेला अडकवण्याचा विचार व्यवहार्य नव्हता आणि त्याची जागा खोगिरावरच ठरली. या व्यवस्थेत सोय भरपूर होती, परंतु विश्वासार्हतेचा एक मूलभूत दोष होता: स्वार खाली पडला आणि घोडे उधळले, की शस्त्रही घोड्याबरोबर जाई, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी सैनिक निःशस्त्र होई.

पिस्तूल कमरेवर आले ते वजन उतरल्यावर. कोल्टचे १८५१ चे ‘नेव्ही’ हे रिव्हॉल्व्हर साधारण एक किलो दोनशे ग्रॅमचे होते, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सोने शोधण्यासाठी लोटलेल्या गर्दीमुळे पायी हिंडणारा, खणणारा, ओझी वाहणारा आणि तरीही सशस्त्र असा एक नवा ग्राहक तयार झाला होता. सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या खोगीरकारांनी त्याच्यासाठी बनवलेले होल्स्टर पिस्तुलाच्या अंगाबरोबर निमुळते होत जाणारे, झापड नसलेले आणि अनेकदा फुलापानांच्या नक्षीने मढवलेले असे. त्याला पुढे ‘कॅलिफोर्निया पद्धतीचे’ होल्स्टर असे नाव मिळाले. लष्कराची गरज वेगळी होती. पावसाने बारूद आणि ती पेटवणाऱ्या टोप्या भिजू नयेत म्हणून यादवी युद्धाच्या काळातील लष्करी होल्स्टरला वरून मोठी झापड असे, आणि ते उजव्या कमरेला पिस्तुलाची मूठ पुढे येईल अशा रीतीने अडकवले जाई, कारण उजवा हात तलवारीसाठी राखून ठेवलेल्या स्वाराला डाव्या हाताने पिस्तूल काढता यावे, अशी त्यामागची धारणा होती. तलवार मागे पडल्यावरही ही उलटी मूठ अमेरिकी घोडदळात बराच काळ टिकून राहिली.

येथे चामड्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. चांगले होल्स्टर झाडाच्या सालीतील टॅनिनने कमावलेल्या, म्हणजे कोल्हापुरी वहाणेच्या जातीच्या चामड्याचे असते. असे चामडे ओले करून पिस्तुलावर दाबून बसवले की वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. क्रोमियमच्या क्षारांनी झटपट कमावलेले चामडे मऊ असते, परंतु ते आकार धरत नाही आणि त्यातील क्षारांमुळे पोलादाला गंज चढण्याची भीती असते. १८७० च्या दशकात पितळी काडतुसे सर्वत्र आली आणि पट्ट्यालाच काडतुसांसाठी चामडी कड्या शिवल्या जाऊ लागल्या, तेव्हा चामड्यातील आम्लांची पितळेशी प्रक्रिया होऊन काडतुसांवर हिरवा चिकट थर जमू लागला. सैनिक सतत ती घासत बसत, आणि विणलेल्या कापडी पट्ट्यांकडे लष्कराचे लक्ष वळण्यामागे हे एक कारण होते. नागरी बाजारात मात्र चामड्याची सत्ता कायम राहिली. त्या दशकातील सर्वांत लोकप्रिय घडण ‘मेक्सिकन लूप’ या नावाने ओळखली जाते: एकाच मोठ्या तुकड्याचा मागचा भाग खाली दुमडायचा, त्याला आडव्या चिरा पाडायच्या आणि होल्स्टरची पिशवी त्या चिरांतून ओवायची, इतकी ती साधी होती. रुंद पट्ट्यावर ती कोठेही सरकवता येई, आणि शायन व डेन्व्हर येथील खोगीरकारांनी ती मोठ्या संख्येने विकली.

चित्रपटांनी लोकमानसात ठसवलेले, मांडीपर्यंत लोंबणारे आणि दोरीने बांधलेले होल्स्टर मात्र बहुतांशी विसाव्या शतकाची निर्मिती आहे. घोड्यावर बसणाऱ्याला ते अडचणीचे ठरले असते. त्या काळच्या छायाचित्रांत पट्टा उंच, जवळजवळ बेंबीच्या पातळीवर दिसतो. १९५० च्या दशकात आर्वो ओयाला यांनी दूरचित्रवाणीवरील नटांसाठी आत पोलादी पत्रा घातलेले होल्स्टर बनवले, ज्यात रिव्हॉल्व्हरची चक्री न अडता फिरे आणि पिस्तूल क्षणार्धात बाहेर येई, आणि प्रेक्षकांनी हीच जुन्या पश्चिमेची रीत मानली.

प्रत्यक्षातील जुन्या पश्चिमेत गावात शिरताना होल्स्टर उतरवून ठेवावे लागे, हे अधिक खरे आहे. ॲरिझोनातील टूम्बस्टोन गावाने १८८१ मध्ये गावाच्या हद्दीत प्राणघातक शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारा हुकूम काढला होता, आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी झालेली ओ. के. कोरलची चकमक त्या हुकमाच्या अंमलबजावणीतून उद्भवली. होल्स्टरच्या इतिहासकाराने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे वायट अर्प यांच्या स्वतःच्या साक्षीनुसार त्या दिवशी त्यांचे पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होते. अमेरिकेतील सर्वांत गाजलेल्या चकमकीच्या नायकाला होल्स्टर लागलेच नाही.

खिशाच्या या वाटेवर कायद्याची नजर मात्र जुनीच होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी घातली होती, आणि त्यामागची नैतिक समजूत अशी होती की प्रामाणिक माणूस आपले शस्त्र उघड्यावर लावतो, ते लपवतो तो मारेकरी. फिलाडेल्फियाचे हेन्री डेरिंजर यांच्या छोट्या पिस्तुलांनी या समजुतीला बळच दिले; १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांची हत्या अशाच एका पिस्तुलाने झाली. तरीही शहरी माणसाने शस्त्र लपवलेच, कारण शहरात ते उघडे लावणे अशिष्ट ठरत गेले. विसाव्या शतकात ही नीती पुरती उलटली: अनेक राज्यांत लपवून बाळगण्यासाठी परवाना मिळू लागला, तर उघडे पिस्तूल पाहून शेजारी पोलिसांना बोलावू लागले. होल्स्टरचे पुढचे जवळजवळ सगळे शोध या उलटापालटीचे अपत्य आहेत.

उघडे होल्स्टर राहिले ते गणवेशधाऱ्यांकडे, आणि तेथे भारताचा एक धागा जुळतो. १८५८ मध्ये रोहिलखंडातील लढाईत ब्रिटिश अधिकारी सर सॅम ब्राउन यांचा डावा हात खांद्यापासून गेला, आणि डाव्या हाताने तलवारीचे म्यान सावरणे अशक्य झाल्यामुळे त्यांनी कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून येणारा तिरपा पट्टा जोडला. हा ‘सॅम ब्राउन’ पट्टा कमरपट्ट्यावरील ओझे खांद्यावरही वाटून घेतो. तो ब्रिटिश सेनेतून अमेरिकी लष्करात आणि पोलिसांत गेला, आणि महाराष्ट्रातील पोलीस अधिकाऱ्यांच्या समारंभी गणवेशात दिसणारा क्रॉस बेल्ट त्याच वंशातला आहे.

मोटारगाडी आली आणि खोगिरानंतरची दुसरी मोठी बैठक तयार झाली. गाडीच्या आसनावर बसलेल्या माणसाची लांब होल्स्टरची नळी आसनात रुतते आणि मूठ बरगडीत घुसते. म्हणून १९२० च्या दशकात टेक्सासच्या एल पासो येथे कायदा-अधिकारी टॉम थ्रीपर्सन्स यांच्या नावाने ओळखले जाणारे आखूड होल्स्टर पुढे आले, जे एस. डी. मायर्स यांच्या खोगीरशाळेने प्रसिद्ध केले. त्यात पट्ट्यावर उंच बसणारी घडण, मूठ किंचित पुढे झुकवणारा तिरपेपणा आणि चाप, म्हणजे गोळी झाडण्यासाठी बोटाने ओढायची कळ, पूर्ण उघडा ठेवणारा काप होता. १९३४ मध्ये शस्त्र बाळगण्याचा अधिकार मिळालेल्या एफबीआयच्या एजंटांनी हा तिरपेपणा आपलासा केला, कारण त्यामुळे कोटाखाली मूठ शरीराला चिकटून राही. उघडा चाप तेव्हा कोणाला खटकला नाही, कारण रिव्हॉल्व्हरचा घोडा हाताने मागे ओढावा लागे किंवा चाप लांब आणि जड खेचावा लागे.

याच काळातील बर्न्स-मार्टिन होल्स्टर पुढून फाकणारे होते. आतल्या स्प्रिंगने रिव्हॉल्व्हर पकडून ठेवले जाई आणि ते वर उपसण्याऐवजी पुढे ढकलून काढले जाई. कादंबरीकार इयन फ्लेमिंग यांना शस्त्रतज्ज्ञ जेफ्री बूथरॉइड यांनी १९५६ मध्ये पत्र लिहून त्यांचा नायक जेम्स बाँड याच्या हत्यारांविषयी सल्ला दिला, आणि फ्लेमिंग यांनी १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ मध्ये बाँडला वॉल्थर पीपीके पिस्तुलाबरोबर हेच होल्स्टर देऊन टाकले. ते मुळात रिव्हॉल्व्हरच्या चक्रीला धरणारे असल्यामुळे चपट्या पीपीकेला त्याचा काही उपयोग नव्हता, परंतु जगातील बहुतेक वाचकांनी होल्स्टर बनवणाऱ्याचे नाव प्रथम ऐकले ते या चुकीमुळेच.

आजच्या अर्थाने रोज वापरायचे होल्स्टर घडले ते पुढच्या वीस वर्षांत, आणि घडवणारे बहुतेक जण कारखानदार नव्हते. न्यूयॉर्कचे चिक गेलॉर्ड यांनी १९६० मध्ये ‘हँडगनर्स गाइड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी पातळ चामडे पिस्तुलाच्या प्रत्येक वळणावर ओल्याने दाबून इतके घट्ट बसवले की झापड किंवा पट्टी नसतानाही शस्त्र आत टिकून राही. आर्कान्सामधील रॉय बेकर यांच्या ‘पॅनकेक’ होल्स्टरमध्ये दोन सपाट तुकड्यांमध्ये पिस्तूल आणि त्यांच्या कडांना पट्ट्यासाठी लांब भोके, एवढेच होते. पट्टा आवळला की तोच होल्स्टरला शरीरावर ओढून धरी, म्हणजे ताण देण्याचे काम चामड्याने पट्ट्याकडे सोपवले.

या सगळ्यांत विचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम ब्रूस नेल्सन यांचे मानावे लागते. कॅलिफोर्नियात अमली पदार्थांच्या तपासासाठी वेशांतर करून हिंडणाऱ्या या अधिकाऱ्याला उन्हाळ्यात कोट घालता येत नसे, म्हणून त्यांनी पँटच्या आत, कमरपट्ट्याच्या मागे बसणारे होल्स्टर बनवले, ज्याला ‘समर स्पेशल’ हे नाव पडले आणि आयडाहोच्या मिल्ट स्पार्क्स यांनी ते बाजारात आणले. चामड्याची खडबडीत बाजू बाहेर ठेवल्यामुळे ते कपड्याला धरून राही आणि आतली गुळगुळीत बाजू पोलादावर सरके; तोंडाशी धातूची पट्टी शिवलेली असल्यामुळे पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड मिटत नसे. ही पट्टी किरकोळ वाटते, पण पिस्तूल परत ठेवताना तोंड उघडण्यासाठी दुसरा हात लागला, तर वापरणारा पिस्तुलाची नळी स्वतःच्याच बोटांवर रोखतो, ही गोष्ट तिने ध्यानात घेतली होती. आराम आणि भरवसा या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, कारण टोचणारे होल्स्टर माणूस दुपारपर्यंत काढून ठेवतो आणि काढून ठेवलेले होल्स्टर कितीही मजबूत असले तरी निरुपयोगी असते, हे या घडणीइतके दुसऱ्या कोणत्याही वस्तूने स्पष्ट केलेले नाही.

पोलिसांची चिंता निराळी होती. झटापटीत त्यांचेच पिस्तूल हिसकावून त्यांच्यावर चालवले जाण्याच्या घटनांमुळे अंगठ्याने उघडणारी टिचबटणाची पट्टी आणि नंतर दुहेरी-तिहेरी कुलपे आली. एफबीआयचे माजी एजंट बिल रॉजर्स यांनी या पकडीचे स्तर ठरवले आणि कायडेक्स नावाच्या, उष्णतेने मऊ होऊन साच्यात बसणाऱ्या प्लॅस्टिकचा होल्स्टरसाठी वापर सुरू केला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीत एका एजंटने चटकन हाती यावे म्हणून रिव्हॉल्व्हर होल्स्टरबाहेर काढून आसनावर ठेवले होते, आणि गाड्यांच्या टकरीत ते हरवले. एकोणिसाव्या शतकातील खोगिराचा दोष मोटारीत जसाच्या तसा परतला होता.

१९८२ मध्ये ऑस्ट्रियात तयार झालेले ग्लॉक पिस्तूल दशकाअखेर अमेरिकी पोलिसांत पसरले आणि थ्रीपर्सन्सचा उघडा चाप कालबाह्य झाला. ग्लॉकला हाताने लावायची बाहेरची खिट्टी नाही, त्याचे मुख्य संरक्षण चापातच बसवलेले आहे. त्यामुळे चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणे हे होल्स्टरचे पहिले काम ठरले. नरम पडलेल्या जुन्या चामड्याची घडी कडीत शिरून, पिस्तूल आत ढकलताना गोळी सुटल्याच्या घटना घडल्या. कायडेक्सला घडी पडत नाही, घामाने ते फुगत नाही, आणि पिस्तूल बसले की त्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. चामड्याचे चाहते त्याला निर्जीव म्हणतात, आणि कातडीवर टेकलेल्या त्याच्या कडा पाहता त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

फ्लोरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना देणे सक्तीचे केले, आणि त्या धर्तीचे कायदे राज्यामागून राज्याने स्वीकारले. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याचीही गरज उरली नव्हती. या नव्या ग्राहकवर्गात बराच वेळ खुर्चीत बसून काम करणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यात पँटच्या आत पुढच्या बाजूला, आंत्रपुच्छाच्या जागी पिस्तूल बसवण्याची पद्धत वाढली आहे. तेथे सदऱ्याखाली मूठ दिसू नये म्हणून होल्स्टरला पट्ट्यावर दाब देणारा पंजा आणि खाली नळी बाहेर ढकलणारी पाचर जोडतात. बसलेल्या माणसाच्या जांघेतील रक्तवाहिनीकडे नळी रोखलेली असते हा या पद्धतीचा उघड धोका आहे, आणि म्हणूनच तिचे जाणकार पुरस्कर्ते पुरे होल्स्टर पँटमधून बाहेर काढून, त्यात पिस्तूल बसवून, मग ते दोन्ही एकदमच कमरेला लावण्याचा सल्ला देतात.